बदली मास्तर आणि घोड्यावरची मांड

गेल्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. सूर तक्रारीचा होता. ही पोरगी वर्षभरापासून घोडेस्वारी शिकते आहे आणि दर रविवारी संध्याकाळी आबांना फोन करून घोड्याच्या गमती सांगायच्या हा तिचा नेम आहे. त्या दिवशी मात्र गंमत नव्हती. तिचे नेहमीचे सर रजेवर गेले होते आणि आठवडाभरासाठी दुसरेच एक सर आले होते. साठीच्या पुढचे, घोडदळातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी आल्याआल्या तिचा रोजचा घोडा दुसऱ्या मुलाला दिला, हिच्या हाती एका अनोळखी घोडीचा लगाम दिला, आणि दहा मिनिटं झाल्यावर दोन्ही रिकिबी काढून घेतल्या! मग घोडीला लांब दोर बांधून गोल फिरवायला सुरुवात. आधी कदम चाल, मग दुडकी. मग म्हणाले, लगाम सोड, हात कमरेवर ठेव.

"आबा, पाय नुसते लोंबकळत होते. दोनदा पडता पडता वाचले. वर्षभर शिकले ते सगळं चुकीचंच होतं का मग?"

प्रश्न रास्त आहे. मी काही घोडेस्वार नाही. तीस-पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, एवढीच माझी पुंजी. पण प्रश्न विचारला की त्याच्या मागे थोडं मागे मागे जायचं ही इतिहासाच्या मास्तरांची खोड. तसा मी गेलो, आणि बरंच काही हाती लागलं. ते इथे मांडतो आहे.

आधी बदली मास्तरांविषयी. शाळेत एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या तासाला दुसऱ्या कोणाला तरी पाठवतात. मुलं त्याला ऑफ तास म्हणतात आणि हुर्यो करतात. मुख्याध्यापकांना वर्ग शांत हवा असतो, मुलांना गोष्ट हवी असते. पण मी असे तास पुष्कळ घेतले, आणि माझा अनुभव असा की वर्गाला खरोखर काय येतं ते बदली तासालाच कळतं. नेहमीचे सर "पानिपतची कारणं सांगा" म्हणाले की मुलं घडाघडा पाच कारणं सांगतात. बदली सरांनी तेच "पानिपत टळलं असतं का रे?" असं विचारलं की वर्ग गप्प! मुलांनी पानिपत पाठ केलेलं नसतं, त्या सरांचा प्रश्न पाठ केलेला असतो. यात त्या सरांचा दोष नाही आणि मुलांचाही नाही. रोजच्या माणसाशी आपली एक बोली तयार होते, आणि त्या बोलीलाच आपण विद्या समजून बसतो.

घोड्याचं तर विचारूच नका. तिथे रोजचा मास्तर आणि रोजचा घोडा अशा दोन सवयी असतात. आता रिकीब काढून घेण्यात काय मतलब? पाय रिकिबीत असला की स्वार नकळत तिच्यावर उभा राहतो. दुडकीला घोडा उसळतो तेव्हा तो धक्का पायावर घेऊन स्वार वर उठतो, आणि तोल गेलाच तर लगामाला लोंबकळतो. लगाम ओढला की घोड्याच्या तोंडातली कडी त्याला टोचते. म्हणजे तोल आपला जातो आणि शिक्षा त्याला! रिकीब नसली की पायाचा आधार जातो. मग कंबर सैल सोडावी लागते, मांड्या लांब सोडून घोड्याच्या अंगाला लावाव्या लागतात, पाठीच्या कण्याने धक्का झेलावा लागतो. यालाच आपल्याकडे मांड म्हणतात. "मांड पक्की आहे" असं आपण आज खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्यालाही म्हणतो, पण तो शब्द घोड्याच्या पाठीवरून आला आहे, आणि तिथे तो काही अलंकार नव्हता. मांड कच्ची असलेला स्वार पहिल्या खाचखळग्यालाच खाली यायचा.

लांब दोरीवर घोडा गोल फिरवायच्या क्रियेलाही जुना शब्द आहे, कावा. घोड्याला कावा देणे म्हणजे त्याला गोलगोल फिरवून वळवणे. आपल्याला गनिमी कावा तेवढा ठाऊक असतो. आणि घोडा शिकवणारा, त्याला चालीवर आणणारा, स्वार घडवणारा जो माणूस, त्याचं नाव चाबूकस्वार. आज हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. एकेकाळी मात्र कुठल्याही पागेत चाबूकस्वाराशिवाय पान हलत नसे.

आता आमच्या मुलखाविषयी. माझं गाव देऊळघाट. बुलढाण्याहून धाडकडे जाताना लागतं, पैनगंगेकाठी. आजच्या प्रवाशाला इथे घोड्याचं नाव काढावं असं काही दिसणार नाही. पण नकाशा मनात पसरून पाहा. आमच्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा, लखुजी जाधवरावांचं गाव, जिजाऊंचं जन्मस्थान. जाधवराव हे घोडदळाच्या बळावर निजामशाहीत मोठे झालेले सरदार, आणि १६२९ साली दौलताबादेला त्याच निजामशाहीच्या दरबारात त्यांचा मुलांसह घात झाला. आमच्याच जिल्ह्यात साखरखेर्डा. तिथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाला हरवलं आणि हैदराबादच्या निजामीचा पाया घातला. आणि देऊळघाटहून नैर्ऋत्येला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की असई. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीपुढे हरली. दोनशे वर्षांत या पठारावरून किती लाख टापा गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पण मला या लढायांपेक्षा वेगळाच प्रश्न पडतो. एवढे स्वार शिकले कोणाकडे?

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा. हिशेब फार बारकाईचा आहे. नाल निखळला तर कोण ठोकणार, तहान लागली तर पाणी कोण आणणार, सगळ्याची सोय आहे. शिकवणारा म्हणून वेगळा माणूस मात्र या पंचवीसांच्या हिशेबात दिसत नाही. मला याचा अर्थ असा वाटतो की शिकवणं हे कोणा एकाचं काम नव्हतंच. हवालदार शिकवी, शेजारचा जुना स्वार शिकवी, आणि मोहिमेत यातलं कोणी पडलं की त्याच्या जागी येणारा शिकवी. मास्तर बदलणं हा तिथला नियम होता, अपवाद नव्हता.

याच बखरीत दोन प्रकारचे स्वार आहेत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा मिळालेला. शिलेदाराचा मान मोठा, कारण घोडं त्याचं स्वतःचं. पण महाराजांनी जोर दिला तो पागेवर, बारगिरांवर. राज्यकारभाराच्या दृष्टीने त्याचं कारण उघड आहे. घोडा सरकारचा असला की स्वार सरकारचा राहतो. पण स्वारीच्या दृष्टीनेही त्यात एक गोष्ट दडलेली आहे. शिलेदाराला आपला एक घोडा येतो. बारगिराला आज हा मिळेल, उद्या तो जखमी झाला तर दुसरा मिळेल. त्याला घोडा यावा लागतो, कुठलाही.

नातीला मी फोनवर एवढंच सांगितलं, "अगं, चुकीचं काही शिकली नाहीस. वर्षभर तू शिलेदार होतीस, आता बारगीर होते आहेस." तिला ते कितपत पटलं देव जाणे, पण हसली.

घोड्याच्या बाजूनेही हे पाहायला हवं. माझ्या लहानपणी, म्हणजे साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या भागात टांगे होते. गावातल्या एका टांगेवाल्या चाचांचा पांढरा घोडा आम्हा पोरांचा लाडका. चाचा एकदा तापाने अंथरुणाला खिळले आणि आठ-दहा दिवस त्यांच्या धाकट्या भावाने टांगा हाकला. घोडा बुलढाण्याच्या वाटेवर आपल्या मर्जीने थांबायचा! चाचा जिथे विडी ओढायला उतरत त्या झाडाखाली थांबला. जिथे ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलत त्या घरापुढे थांबला. टांग्यात बसलेल्या बाया वैतागून गेल्या. भाऊ हताश होऊन म्हणाला, "घोडं माह्यं नाही आयकत, भावाच्या रस्त्याचं आयकते." सवय ही स्वाराला जशी लागते तशी घोड्यालाही. शिकवलेला घोडा आणि सवयीचा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या टांग्यात बसून पहिल्यांदा दिसलं.

आता पुन्हा असईकडे येतो, कारण बदली मास्तरांच्या गोष्टीतला सगळ्यात महागडा धडा तिथे आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी महादजी शिंद्यांनी ओळखलं की नुसत्या घोडदळावर आता भागणार नाही. त्यांनी कवायती पायदळ आणि तोफखाना उभारायला द बॉयन हा सॅव्हॉयचा माणूस नेमला. काम त्याने उत्तम केलं. तो १७९५ च्या सुमारास गेला, त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच आला. त्यांच्या हाताखाली युरोपी आणि मिश्र वंशाचे अनेक अधिकारी. मास्तर बाहेरून आणले याला माझी हरकत नाही, विद्या जिथे असेल तिथून आणावी. पण १८०३ साली इंग्रजांशी युद्ध उभं राहिलं तेव्हा कंपनी सरकारने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांनी ती सोडावी. बरेच जण सोडून गेले. खुद्द पेराँ सप्टेंबरात बाजूला झाला. म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवशी मास्तर गैरहजर!

तरीही असईला शिंद्यांचे पायदळी आणि गोलंदाज असे लढले की वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि त्याच्या स्वतःच्या अंगाखालचे दोन घोडे गेले. शिपायांना विद्या आली होती यात शंका नाही. पण त्यांना हुकूम देणारी वरची फळी घरातून तयार झालेली नव्हती. घोडदळाच्या जुन्या रचनेत प्रत्येक पंचवीसांत पुढचा मास्तर तयार होत होता. नव्या पलटणींत शिष्य तयार झाले, मास्तर झाले नाहीत. मला वाटतं, असईचा हा धडा आपण शाळेत शिकवत नाही. तारीख तेवढी शिकवतो.

पुढे १८१८ साली पेशवाई गेली आणि हजारो स्वारांच्या अंगाखालचं घोडं आणि पोटाखालची भाकरी एकदमच गेली. काही जण इंग्रजांनी १८१७ साली उभारलेल्या पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांत गेले. आमच्या वऱ्हाडची तऱ्हा आणखी वेगळी. निजामाच्या नावाने इंग्रजांनी ठेवलेली जी हैदराबाद कंटिंजंट फौज, तिचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे घोडदळाच्या पगारासाठी आमचा मुलूख गहाण पडला. कापूस आमचा आणि दाणावैरण त्यांच्या घोड्यांची!

राज्य इंग्रजांचं झालं तरी कारभार काही काळ घोड्याच्याच पाठीवरून चालला. जिल्ह्याचा साहेब थंडीत गावोगाव हिंडून जमाबंदी तपासायचा, तो घोड्यावरून. म्हणून विलायतेत आय.सी.एस. च्या उमेदवाराला लेखी परीक्षेइतकीच घोड्यावर बसायची परीक्षा सक्तीची होती. या परीक्षेत अडकलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे अरविंद घोष. १८९० साली ते आय.सी.एस. च्या प्रवेशपरीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्यांचा हात धरणारे थोडे. पण १८९२ साली घोडेस्वारीच्या परीक्षेला ते वेळेवर पोचलेच नाहीत, आणि सरकारने त्यांना नाकारलं. त्याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला आपल्या नोकरीत घेतलं आणि १८९३ च्या सुरुवातीला अरविंद बडोद्याला आले. तिथे ते मराठीही शिकले.

यातली गंमत अशी की ज्यांनी त्यांना घेतलं ते सयाजीराव स्वतः बदलीच्या शिक्षणाचं मूर्तिमंत उदाहरण होते. मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातले. २७ मे १८७५ रोजी बाराव्या वर्षी ते बडोद्याला दत्तक गेले. त्या वयापर्यंत धड अक्षरओळख नव्हती. मग एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. भाषा, गणित, इतिहास, आणि त्याबरोबर घोडेस्वारी, तालीम. घर बदललं, आई बदलली, नाव बदललं, मास्तर बदलले. बारा वर्षांच्या पोराच्या पायातल्या सगळ्या रिकिबी एका दिवसात निघाल्या म्हणा ना! त्यांची मांड मात्र पुढे साठ वर्षं हलली नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. विष्णुपंत छत्रे.

त्यांचं नाव आपण "भारतीय सर्कशीचे जनक" म्हणून ऐकलेलं असतं आणि डोळ्यांपुढे वाघ-सिंह येतात. पण विष्णुपंत मुळात घोड्याचे मास्तर. गाव कृष्णाकाठचं अंकलखोप, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं. असईनंतर चाळीस वर्षांनी, १८४४ च्या तहाने, शिंद्यांचं सैन्य आणखी कमी केलं गेलं होतं. लढायला फौज उरली नव्हती, पण पागा होत्या आणि पागेत विद्या होती. तिथे बाबासाहेब आपटे घोड्यांच्या विद्येत नावाजलेले. विष्णुपंत त्यांच्याकडे घोडा शिकवायला शिकले. आणि त्याच ग्वाल्हेरात हद्दूखाँसाहेबांकडे ख्याल गायकी शिकले! सकाळी घोड्याची चाल आणि संध्याकाळी तानेची चाल. दोन्हीकडे लय सांभाळायची आणि दोन्हीकडे मांड पक्की लागते, असं मला उगाच वाटून जातं. असो.

परत आल्यावर त्यांना आधार मिळाला तो कुरुंदवाडच्या पटवर्धनांचा. छोटं संस्थान. लढाया नाहीत, स्वाऱ्या नाहीत. अशा ठिकाणी चाबूकस्वाराचं काम काय? राजाचे घोडे नीट ठेवायचे, राजपुत्रांना बसायला शिकवायचं, दसऱ्याला मिरवणुकीत घोडे नाचवायचे. विद्या हळूहळू शोभेची होत चालली होती. दोन पिढ्यांत ती विसरलीही गेली असती.

१८७९ साली मुंबईत जुझेप्पे किआरिनी याची रॉयल इटालियन सर्कस आली. कुरुंदवाडकरांबरोबर विष्णुपंतांनी तो खेळ पाहिला. अशी गोष्ट सांगतात की किआरिनीने म्हटलं, असं काही करायला हिंदुस्थानला अजून बरीच वर्षं लागतील, आणि जो कोणी सहा महिन्यांत माझ्यासारखे घोड्यावरचे खेळ करून दाखवील त्याला हजार रुपये आणि एक घोडा देईन. ही पैज विष्णुपंतांनी घेतली. आणि २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडला त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. घोडामैदान जवळ असतं म्हणतात, ते हे!

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सर्कस हा प्रकारच मुळी घोडेस्वारीच्या शाळेतून निघाला आहे. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या माणसाने घोडेस्वारीची शाळा काढली. तो घोडदळातून निवृत्त झालेला. सकाळी शिकवणी घ्यायची आणि दुपारी लोकांना घोड्यावरच्या कसरती दाखवायच्या. गोल रिंगणात घोडा पळवला की तो आतल्या अंगाला किंचित झुकतो, आणि त्या फिरण्याच्या जोराने पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल सांभाळणं सोपं जातं, हे त्याला कळलं. त्याचं रिंगण पुढे बेचाळीस फुटांवर स्थिरावलं आणि आजही सर्कशीचं रिंगण साधारण तेवढंच असतं. म्हणजे विलायतेत जो कावा होता त्याचाच तंबू झाला!

विष्णुपंतांनी किआरिनीच्या तंबूत काय पाहिलं असेल? प्रेक्षकांनी दिवे पाहिले, कपडे पाहिले, बॅण्ड ऐकला. विष्णुपंतांनी गोल रिंगण पाहिलं, मधोमध उभा मास्तर पाहिला, लांब चाबूक पाहिला, आणि त्यांना कळलं असणार की हे तर आपलंच आहे! हा तर आपल्या बाबासाहेबांचा तास आहे, फक्त तिकीट लावून चाललेला. बाकीच्यांना जो चमत्कार वाटला तो त्यांना ओळखीचा धडा वाटला. म्हणून तर पैज घ्यायची हिंमत झाली. एरवी परक्या सर्कशीला नुसत्या अभिमानाने उत्तर देता येत नाही. घोडा अभिमानाला ओळखत नाही.

हा माझा तर्क आहे, पण त्याला आधार त्यांच्या पुढच्या वागण्यात मिळतो. विष्णुपंतांची सर्कस हिंदुस्थानभर फिरली, सिलोनला गेली, पूर्वेकडच्या देशांत गेली. हिंडता हिंडता ते मलबारात तेल्लिचेरीला पोचले. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते, शाळेत कसरती शिकवणारे. त्यांच्याशी विष्णुपंतांचं बोलणं झालं आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करायचं काम त्या शिक्षकाने अंगावर घेतलं. कुन्हिकण्णन यांनी पुढे १९०१ साली सर्कसचं रीतसर शिक्षण देणारी शाळा काढली. केरळ हा भारतीय सर्कशीचा आधार बनला तो तिथून. विचार करा, खेळ जोरात चालला असताना एक मालक दुसरं काय शोधेल? नवे वाघ शोधेल, नवी गावं शोधेल. विष्णुपंतांनी मास्तर शोधला. आपल्या जागी उभा राहू शकेल असा. शिंद्यांच्या पलटणींत जे राहून गेलं होतं ते एका चाबूकस्वाराने रिंगणात केलं.

आणि दुसऱ्या गुरूचं काय? हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ. अलौकिक गळा, पण मनाचा तोल गेलेला. घरदार सुटून भटकत होते. विष्णुपंतांना ते सापडले, त्यांनी त्यांना बरोबर आणलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, जपलं, गायला लावलं. महाराष्ट्राने भूगंधर्व रहिमतखाँ ऐकले ते त्यामुळे. विष्णुपंत १९०५ साली गेले. त्यांच्या पश्चातही रहिमतखाँना छत्रे घराण्याने अंतर दिलं नाही. १९२२ साली कुरुंदवाडलाच त्यांचा अंत झाला. गुरूचा मुलगा सांभाळायला जी चिकाटी लागते ती पैज जिंकायला लागणाऱ्या चिकाटीपेक्षा मोठी, असं मी म्हणेन.

घोडे आज महाराष्ट्रातून अगदीच गेलेले नाहीत. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतही भरतो. मराठ्यांच्या फौजेतलं जे भीमथडी घोडं, भीमेच्या खोऱ्यातलं, काटक आणि डोंगर चढणारं, त्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच सरकारदरबारी नोंद झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. जनावराची नोंद झाली, पण ते शिकवणाऱ्याची विद्या कुठे नोंदली जाणार? ती कागदावर राहत नाही. ती एका माणसाच्या कमरेतून दुसऱ्याच्या कमरेत जाते. मधला एक माणूस गळला की साखळी तुटते, आणि मग पुढच्याला किआरिनीची वाट पाहावी लागते.

आमच्या नातेवाइकांना आणि वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे जुनी घरं आहेत. माळ्यावर कुठे गंजलेली रिकीब असेल, खोगिराचा सांगाडा असेल, तंगाची पितळी कडी असेल, गोठ्याच्या भिंतीत घोडा बांधायची साखळी असेल. ती मोडीत घालू नका. आणि नुसती ठेवूही नका. घरातल्या जाणत्या माणसाला विचारा की ही वस्तू कोणाची, तिला काय म्हणत, आणि घोड्यावर बसायला घरात कोणी कोणाला शिकवलं. ते एका कागदावर लिहा, आणि कागद त्या वस्तूलाच बांधून ठेवा. मी देऊळघाटात चार घरांपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत एक रिकीब, दोन घुंगुरमाळा आणि एका चाबकाची मूठ हाती आली. मूठ ज्या घरात मिळाली तिथल्या आजी नव्वदीच्या आहेत. त्यांच्या सासऱ्यांचे वडील लोकांचे घोडे चालीवर आणून देत असत, एवढं त्यांना ऐकून माहीत आहे. त्या कामाला काय म्हणत असं विचारलं तेव्हा थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि मग म्हणाल्या, "चाबूकस्वार."

तो शब्द मी त्यांच्यासमोरच कागदावर लिहून घेतला.